गुण एक, झडप १.१

त्या माझ्याकडे आल्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन काजूच्या हंगामात. गोव्यातल्या वाळपईपासून आत, डोंगराच्या उतारावर घरची बाग. वय ४७. दरवर्षी बोंडू वेचून भरलेली पाटी डोक्यावर घेऊन खाली यायच्या. यंदा रिकाम्या हातानं चढतानाही मध्येच बसावं लागत होतं. रात्री आडवं झालं की खोकला, दोन उशा घेतल्या की आराम. नवऱ्याच्या खिशात ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या तीन निरनिराळ्या स्ट्रिप्स. "दोतोर, हिचा गॅस छातीत चढतो," त्यांनी निदानच सांगून टाकलं. आमच्या सत्तरी तालुक्यात छातीतलं सगळं आधी गॅसच असतं, आणि त्या गॅसवर दोन-तीन महिने गेल्याशिवाय कुणी डॉक्टरची पायरी चढत नाही. (ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.)

मनगटावर बोटं ठेवली आणि गॅसचा विषय संपला. दोन ठोके जवळजवळ, मग खाडा, मग तीन घाईघाईत, मग एक इतका अशक्त की बोटाला लागला की नाही कळू नये. ताल असा कुठलाच नाही. मनगटावर मिनिटाला ९६ मोजले, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजले तर १३८. मधले ४२ ठोके वाटेतच हरवत होते. हृदय आकुंचन पावत होतं, पण रक्त भरायच्या आधीच, त्यामुळे मनगटापर्यंत पोचण्याइतकं काही बाहेर पडतच नव्हतं. त्यांना डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोपची बेल हलकेच टेकवली. दूरवर ढग गडगडावेत तसा खर्जातला आवाज आला. आता इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सहज होतो म्हणून या आवाजासाठी कुणी थांबत नाही. मी थांबतो, जुनी सवय आहे.

"लहानपणी सांधे सुजले होते का?" नवरा "नाही" म्हणाला, त्या "हो" म्हणाल्या. पाचवीत असताना आधी गुडघा, तो उतरला की घोटा, मग मनगट. दोन महिने शाळा बुडाली. त्यानंतर दर एकवीस दिवसांनी कमरेत दुखरं इंजेक्शन असायचं, ते लग्न ठरल्यावर बंद झालं. दुसऱ्या बाळंतपणात धाप लागली आणि २६व्या वर्षी मांडीच्या शिरेतून नळी घालून फुग्यानं झडप उघडली गेली. "तेव्हा सांगितलं, बरी झालीस." ते "बरी झालीस" एकवीस वर्षं पुरलं. कागद कधीच्या एका पावसाळ्यात भिजून गेले.

गोष्ट घशापासून सुरू होते. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूनं लहान मुलाचा घसा धरतो, शरीर त्याच्याशी लढायला जी शस्त्रं काढतं ती काहींच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवरही चालतात. सांधे बरे होतात, झडप होत नाही. ती वर्षानुवर्षं जाड होत जाते, तिची पानं कडेनं एकमेकांना चिकटतात. ते एकवीस दिवसांचं पेनिसिलिन घसा पुन्हा धरू नये आणि झडपेवर दुसरा घाव पडू नये यासाठी होतं.

इकोत मायट्रल झडपेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेची, वाट १.१ चौरस सेंटिमीटर निघाली. निरोगी झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते, १.५ किंवा त्याखाली गेली की गंभीर समजायची. डावं अलिंद (वरचा कप्पा) ५४ मिलिमीटरपर्यंत ताणलेलं, फुप्फुसाच्या धमनीतला दाब ५२ पर्यंत चढलेला, झडपेवर कॅल्शियम, शिवाय मध्यम गळती. डाव्या निलयाचं (खालच्या कप्प्याचं) पंपिंग मात्र ६० टक्के, म्हणजे उत्तम. हा शेवटचा आकडा पुढे घोटाळा करणार होता.

इथे दोन आजार एकमेकांच्या गळ्यात पडलेले असतात, आणि ते उलगडून दाखवल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. झडप अरुंद, म्हणून अलिंदातलं रक्त खाली उतरायला वेळ लागतो. हा वेळ दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतो. अलिंद ताणून ताणून थकलं की त्याचं नियमित आकुंचन बंद पडतं आणि ते नुसतं थरथरायला लागतं: एट्रियल फिब्रिलेशन. त्याबरोबर ठोके धावतात, विश्रांती आखडते, आणि उतरू न शकलेलं रक्त मागे फुप्फुसात साचतं. चढणीवरची धाप आणि रात्रीचा खोकला तिथला. दुसरीकडे, थरथरणाऱ्या अलिंदात रक्त जवळजवळ उभं राहतं. अलिंदाला कडेला कानासारखी एक पिशवी असते, तिच्यात तर मे महिन्यात म्हादईच्या कडेच्या कोंडीत पाणी राहतं तसं. तिथे गुठळी धरते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीतून १९७८ साली जे आकडे आले ते अजूनही शिकवले जातात: झडप ठीक असून नुसतं फिब्रिलेशन असेल तर पक्षाघाताचा धोका पाचपटीहून अधिक, सोबत रुमॅटिक झडप असेल तर सतरापटीहून अधिक.

मी ठोके आवरायला मेटोप्रोलॉल दिलं, पाणी उतरवायला लघवीची गोळी, आणि गुठळी होऊ नये म्हणून ॲसिनोकुमारॉल २ मिलिग्रॅम. पंधरा दिवसांत धाप निम्म्यावर आली. त्यांच्या दृष्टीनं काम झालं होतं. माझ्या दृष्टीनं खरं काम पुढे होतं, कारण ही रक्त पातळ करणारी गोळी सरळ नाही. ती विटामिन 'के'च्या कामात अडथळा आणते, तिचं माप आयएनआर या रक्ततपासणीनं घ्यायचं आणि आकडा २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. मे-जूनमध्ये त्यांचे आकडे १.४, १.९, २.४, २.५ असे शहाण्या मुलासारखे चढत गेले. त्या ते घरच्या कालनिर्णयवर त्या-त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहीत.

जुलैत १.६.

गोळी चुकली का? नाही. स्ट्रिप दाखवली, बरोबर रिकामी. मग मी विचारलं, जेवणात काय असतं? आणि हसलोच, कारण उत्तर मला माहीत असायला हवं होतं. पावसाळ्यात आमच्याकडे डोंगर भाजी देतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर तायखिळा, मग कुर्डू, अळू, शेवग्याचा पाला, परसातली तांबडी भाजी. त्यात मासेमारी बंद, नंतर श्रावण, म्हणून रोज पानात पालाच. हिरव्या पाल्यात विटामिन 'के' भरपूर, गोळी जे रोखते तेच ताटातून येत होतं. अनेक डॉक्टर अशा वेळी सरळ पालेभाजी बंद करतात. मला ते पटत नाही. गोव्यात पावसाळ्यात भाजी खाऊ नका हे कुणी पाळणार नाही, आणि चार दिवस पाळून पाचव्या दिवशी मोडलं की आकडा आणखी हेलकावतो. भाजी खा, पण रोज सारखी खा, एवढंच सांगून मात्रा ३ मिलिग्रॅम केली. दहा दिवसांनी २.४.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दाढ दुखायला लागली. दाताच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल आणि एक वेदनाशामक पाच दिवसांसाठी लिहून दिलं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. मेट्रोनिडाझोलमुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा शरीरातला निचरा मंदावतो, वेदनाशामक पोटाच्या अस्तराला आणि रक्तातल्या चपट्या पेशींना त्रास देतं. दोन्ही मिळून चौथ्या दिवशी चूळ भरताना रक्त आणि मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग. त्या आठवड्यात मी लग्नाला पुण्याला, ओपीडी बंद. त्या दुसऱ्या एका दवाखान्यात गेल्या. आयएनआर ६.४ आला. तिथल्या डॉक्टरांनी गोळी ताबडतोब थांबवली.

थांबवणं बरोबरच होतं. मीही थांबवली असती, दोन दिवसांनी पुन्हा तपासून खाली आल्यावर सुरू केली असती. पण ती पुन्हा सुरूच झाली नाही. त्यांच्याजवळ माझी चिठ्ठी होती, इकोचा रिपोर्ट घरी प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्या चिठ्ठीच्या माथ्यावर मी लिहिलं होतं: ए. एफ., म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. झडपेचा उल्लेख नाही. नवीन डॉक्टरांनी फिब्रिलेशनमध्ये पक्षाघाताचा धोका मोजायचा पाठ्यपुस्तकातला हिशेब मांडला. वय ७५ नाही, ६५ही नाही. रक्तदाब नाही, साखर नाही, पूर्वी पक्षाघात नाही, पंपिंग चांगलं असं नवरा सांगतो. स्त्री म्हणून एक. एकूण गुण १, म्हणजे धोका कमी. रक्त पातळ करायची गोळी नको, ॲस्पिरिन पुरे. कागदावर इतकं नीटनेटकं लिहिलं होतं की नंतर वाचताना मलाही क्षणभर ते बरोबर वाटलं.

ती गुणपद्धत, चॅड्स-व्हॅस्क, २०१० साली मांडली गेली. ज्या रुग्णांवरून ती बेतली त्यांत मायट्रल झडप अरुंद असलेले घेतलेच नव्हते, त्यांचा धोका आधीच वेगळा आणि मोठा ठरलेला होता म्हणून. तेव्हा या बाईंचे गुण १ की ४ हा प्रश्नच उद्भवत नाही. झडप मध्यम किंवा गंभीर अरुंद असेल, किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर गुण न मोजता रक्त पातळ करायचं. धाप लागत होती, म्हणजे हृदय कमी पडत असल्याचा एक गुण खरं तर तसाही मिळायला हवा होता, पण तो वाद घालणं म्हणजे चुकीच्या तराजूवर वजन नीट करणं. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्त्री असण्याचा गुणही काढून टाकला आहे. त्या हिशेबानं यांना शून्य मिळालं असतं. उरलं ॲस्पिरिन. फिब्रिलेशनमधल्या गुठळीला ते अडवत नाही, आणि आपण काहीतरी घेतोय हे समाधान मात्र पुरेपूर देतं.

यात माझी बाजूही सांगायला हवी. त्यांची पुढच्या तपासणीची तारीख १४ ऑगस्ट होती. माझ्या वहीत त्या चौकोनापुढे काही आलं नाही. मी ते पाहिलं. गणपतीची चवथ तोंडावर आलीय, घरं सारवणं-रंगवणं चाललं असेल, नंतर येतील, असं मनाशी म्हणून पान उलटलं. फोन नंबर त्याच पानावर होता.

चवथीच्या आदल्या दिवशी, तयेला, सकाळी त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून नेवऱ्या करत होत्या. नवरा गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला रानात गेला होता. धाकटी मुलगी लाटून देत होती, त्या सारण भरून कडा मुरडत होत्या. सव्वाआठच्या सुमारास एका नेवरीची मुरड अर्ध्यावर सुटली आणि सारण ताटात सांडलं. त्यांनी उचलायला उजवा हात नेला, तो नेवरीच्या बाजूला, पिठात पडला. मुलीनं "आई?" म्हटलं. आईनं उत्तर दिलं, पण त्यात शब्द नव्हते. आजी म्हणाली उपासानं चक्कर आली, साखरपाणी द्या. मुलीनं पाणी दिलं नाही. तोंड एका बाजूला ओढलंय हे तिला दिसलं होतं, आणि अशा वेळी घशाखाली काही घालू नये हे तिनं शाळेतल्या कुठल्याशा आरोग्य शिबिरात ऐकलं होतं. १०८ ला फोन साडेआठला गेला.

पुढचं वेळेत झालं, आणि ते भाग्य होतं. आमच्या भागातून सुसज्ज रुग्णालयापर्यंत घाटवळणाचा रस्ता, त्यात चवथीची बाजारगर्दी. सव्वादहाला सीटी स्कॅन: रक्तस्राव नाही. आयएनआर १.१, म्हणजे गोळीचा मागमूसही नाही. एक कडू गंमत अशी की तो १.१ असल्यामुळेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं, आकडा १.७ च्या वर असता तर ते देत नाहीत. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यावं लागतं, यांना अडीच तासांत मिळालं. संध्याकाळपर्यंत शब्द परतले, आधी शिव्या, मग नावं. पाय सुधारला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मात्र मागे राहिली. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत अलिंदाच्या त्या पिशवीत आणखी एक गुठळी बसलेली दिसली. मेंदूतल्या इजेचा आवाका पाहून सातव्या दिवशी रक्त पातळ करायची गोळी पुन्हा सुरू झाली.

सप्टेंबरच्या शेवटी दोघं आले. नवऱ्यानं खिशातून दुसरीच स्ट्रिप काढली. थोरल्या भावाचीही नाडी अशीच अनियमित, तो रक्त पातळ करायची ही नवी गोळी घेतो, त्याला महिन्याला रक्त द्यावं लागत नाही, भाजीचं पथ्य नाही. "मग हिलाच का हा छळ?" प्रश्न रास्त होता. बस बदलून यायचं, बोट टोचून घ्यायचं, आकड्याची वाट पाहायची. त्यात मागच्या महिन्यात घडलं ते सगळं या जुन्या गोळीच्याच नखऱ्यांमुळे.

भावाच्या झडपेतूनही थोडी गळती आहे, मी त्यांचा इको पाहिलाय. पण "झडपेचा आजार" हा एक आजार नव्हे. मायट्रल झडप गळकी असेल, महाधमनीची झडप अरुंद असेल, तरी फिब्रिलेशनमध्ये नव्या गोळ्या चालतात, बहुतेकांना त्याच बऱ्या. अडतं ते मायट्रल झडप मध्यम किंवा गंभीर अरुंद असेल तिथे, आणि धातूच्या झडपेपाशी. वाटायचं असं की इथेही नव्या गोळ्या चालतील, निदान वाईट ठरणार नाहीत. २०२२ साली इन्व्हिक्टस या अभ्यासाचे निकाल आले. २४ देश, रुमॅटिक हृदयविकार आणि फिब्रिलेशन असलेले साडेचार हजारांहून अधिक रुग्ण, सरासरी वय पन्नाशीचं, दहांत सात बायका. म्हणजे आमच्या या बाईच. निम्म्यांना रिव्हारोक्सबॅन ही नवी गोळी, निम्म्यांना वॉरफरिनच्या जातीची जुनी, यांची ॲसिनोकुमारॉल त्यातलीच. पक्षाघात, इतरत्र गेलेली गुठळी, हृदयाचा झटका किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या वा अज्ञात कारणानं मृत्यू, यांपैकी काही ना काही नव्या गोळीच्या २,२७५ रुग्णांपैकी ५६० जणांना झालं, जुन्या गोळीच्या २,२५६ पैकी ४४६ जणांना. मृत्यूही जुन्या गोळीवर कमी. आणि मोठा रक्तस्राव जुन्या गोळीनं लक्षणीय वाढवला असंही दिसलं नाही.

त्या अभ्यासातलं मला सर्वांत जास्त खुपलेलं निराळंच आहे. माणसं पक्षाघातानं मेली त्यापेक्षा कितीतरी जास्त हृदय निकामी होऊन किंवा अचानक गेली. आम्ही सगळे गुठळीच्या मागे लागतो, आयएनआरची वही सांभाळतो, आणि झडप तशीच १.१ वर बसून असते. माझा अंदाज असा की जुन्या गोळीचा थोडा फायदा त्या छळातच असावा: महिन्याला बाई समोर येते, नाडी पाहिली जाते, पायाची सूज दिसते. नवऱ्याला मी हे असंच सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे रक्त काढायला नव्हे, दाखवायला यायचं." त्यानं माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

म्हणून प्रश्न झडपेचा होता. पुन्हा फुगा? अलिंदात गुठळी असताना नळी आत घालणं म्हणजे ती मोकळी करून मेंदूकडे पाठवण्याचा धोका. काही महिने रक्त नीट पातळ ठेवून गुठळी विरघळलीही असती, पण कॅल्शियम आणि मध्यम गळती असलेल्या झडपेवर दुसऱ्यांदा फुगा नीट चालण्याची आशा थोडी; गळती वाढायची भीती जास्त. हृदयशल्यचिकित्सकांनी झडप बदला असा सल्ला दिला, आणि त्याच वेळी अलिंदाची ती पिशवीही बंद करू म्हणाले. जनावराच्या ऊतीची झडप दहा-पंधरा वर्षांत झिजते, या वयात म्हणजे पुन्हा एकदा छाती उघडणं. धातूची टिकते, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि मायट्रलच्या जागी आयएनआर २.५ ते ३.५ असा आणखी वर ठेवावा लागतो. नव्या गोळ्यांचं दार तिथे कायमचं बंद: धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान देऊन पाहिलेला अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले म्हणून मध्येच थांबवावा लागला होता, त्याचे निकाल २०१३ मध्ये छापून आले. फिब्रिलेशनमुळे गोळी कुठल्याही झडपेबरोबर सुटणार नव्हतीच. मग टिकाऊ झडप घेतलेली बरी, असं माझं मत. बाईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, हातानं पुन्हा मुरड घालता येईल का. शस्त्रक्रियेचा त्याच्याशी संबंध नाही, त्यासाठी रोज व्यायाम, मी म्हटलं. आता त्या कणकेच्या गोळ्यावर सराव करतात.

चिठ्ठीच्या माथ्यावर आता लाल पेनानं लिहितो: "मायट्रल झडप अरुंद. गुण मोजू नयेत. गोळी थांबवल्यास दोन दिवसांत आयएनआर, आणि मला फोन." खाली दाताच्या डॉक्टरांसाठी एक ओळ. ती चिठ्ठी लॅमिनेट करून त्यांनी रेशनकार्ड आणि आरोग्य विम्याच्या दीनदयाळ कार्डासोबत ठेवली आहे. पेनिसिलिनची इंजेक्शनंही पुन्हा सुरू केली आहेत, दर एकवीस दिवसांनी. त्या म्हणतात, पाचवीत परत आल्यासारखं वाटतं.

शस्त्रक्रियेची तारीख फेब्रुवारीची मिळाली आहे. नवऱ्याला ती मेअखेर हवी, काजू संपल्यावर. बाग पाहायला माणूस मिळत नाही हे खरंच आहे. मी नाही म्हटलंय, मुलगी माझ्या बाजूची आहे, बाई काही बोलत नाहीत. कालचा आयएनआर २.६.